मिस्त्रींचं विमान

“मग शाई कधी?” अभिरामनं विचारलं.

मास्तर पेन्सिलीला टोक काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मास्तर, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं.”

…

केळुसकर मास्तर कुठल्याही शाळेत कधी मास्तर नव्हते. हवाई दलात त्यांचं काम फोटो वाचण्याचं. शत्रूच्या मुलखावरून आपलं विमान फिरून आलं, की त्यानं काढलेले फोटो त्यांच्या टेबलावर येत. त्यातला कुठला ठिपका विमान, कुठला ट्रक आणि कुठली नुसतीच म्हैस, हे त्यांनी सांगायचं. पुढं नव्या पोरांना हेच शिकवायला बसवलं आणि मास्तर हे नाव पडलं ते पडलंच.

आता ते साताऱ्यात एका सायकल दुकानाच्या वरच्या खोलीत राहत. लोक घरातले जुने फोटो घेऊन येत. कुणाचे आजोबा, कुणाचा चुलता, आणि मागे एखादं लढाऊ विमान. हे विमान कुठलं, एवढंच त्यांना हवं असे.

त्या खोलीचा एक रिवाज होता. उत्तर फोटोच्या पाठीवर लिहायचं. शिष्यानं पेन्सिलीनं लिहून खाली नाव घालायचं. मास्तर तपासत, चुकलं असेल तर खोडरबरानं पुसून टाकत, आणि मग स्वतः शाईनं लिहून सही करत. शाईचं पेन एकच होतं आणि ते मास्तरांच्या खिशाला असे.

अभिराम दाणीला ते पेन हवं होतं.

तो पुण्यात इंजिनिअर होता. दर रविवारी मोटरसायकल दामटत साताऱ्याला यायचा. इंटरनेटवर विमानवेड्यांचे जे गट आहेत, तिथं त्याच्या नावाला वजन होतं. नुसतं शेपूट दाखवा, तो अख्खं विमान सांगायचा. आपल्याला हे येतं, हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं, पण येत होतं हेही खरं.

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. खणातून एक फाटका फोटो काढून त्याच्यापुढे सरकवला. अर्धी खिडकी, एक दार, थोडा पत्रा. बाकी सगळं उंदरानं खाल्लेलं.

अभिरामनं भिंगही उचललं नाही.

“डाकोटा. आणि फोटो उलटा छापलाय. मालाचं दार डाव्या अंगाला असतं, इथं उजव्या अंगाला दिसतंय. निगेटिव्ह पालथी लावली असणार.”

“बरोबर.”

“मग शाई?”

“बरोबर उत्तराला शाई लागते, असं तुला कोणी सांगितलं?”

“मग कशाला लागते?”

…

मास्तरांनी पेन्सिलीचा भुगा तळहातावर गोळा केला आणि खिडकीतून खाली टाकला. खालून दुकानदार ओरडला. 

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

साठीकडे झुकलेली एक बाई दारात उभी राहिली. धाप लागली होती. हातात कापडी पिशवी.

“विमानाचं मास्तर हितंच राहत्यात का?”

“इथंच,” अभिराम म्हणाला. “हे मास्तर. पण फोटो आधी मी बघतो.”

मास्तरांनी उठून तिला पाणी दिलं. खुर्ची पुढं केली. ती खुर्चीवर न बसता कडेच्या बाकावर बसली, आणि पिशवीतून चोळीचा एक खण काढला. कोरा करकरीत खण, घडी न मोडलेला. त्याच्या आत फोटो होता.

“मी मालन. कराडाकडनं आलेय. ह्ये माझं वडील, आप्पा. शिदराम सुतार. गावात मिस्त्री म्हनत्यात.” मग जरा थांबून म्हणाली, “मिस्त्री म्हनत न्हाईत आता. विमान्या म्हनत्यात.”

फोटो काळापांढरा होता. मोकळं रान, मधोमध एक लढाऊ विमान, आणि त्याच्या नाकाजवळ हाताची घडी घालून उभा असलेला एक तरुण माणूस.

अभिरामनं फोटो उचलला तो बरोबर त्या माणसावर अंगठा ठेवून. भिंग डोळ्याला लावलं. त्याचा चेहरा उजळला.

“अरे वा.”

“काय वो?”

“हंटर आहे, बाई. फार सुंदर विमान. हे बघा, पंख मागं कललेले. हवा आत घ्यायची तोंडं पंखांच्या मुळाशी. नाकाखाली दोन्हीकडे फुगवटे आहेत ना, तोफांच्या गोळ्यांच्या मोकळ्या कड्या त्यात साठायच्या. आणि ही पंखाच्या पुढच्या कडेची खाच दिसते? दातासारखी? म्हणजे मार्क छप्पन्न. एकाहत्तरच्या लढाईत हीच होती.”

तो फोटो पालथा घालून पेन्सिलीनं लिहूही लागला. हंटर, मार्क छप्पन्न. खाली अ. दाणी. लिहून झाल्यावर त्यानं मास्तरांकडे एकदा पाहिलं.

मालनबाईंनी मान डोलावली. पण तिचं विचारून झालेलं नव्हतं.

“त्ये झालं. पर बनवलं कुनी?”

“इंग्रजांनी. तिकडं विलायतेत कारखाना होता.”

“तसं न्हवं.” तिनं पदर सावरला. “आप्पा म्हनत्यात, ह्ये म्या बनवलं.”

…

अभिराम हसला. वाईट मनानं हसला असं नाही. समोरच्यानं दोन अधिक दोन पाच म्हटल्यावर जेवढं हसू येतं तेवढंच.

“तुमचे आप्पा हवाई दलात होते?”

“व्हय. सुतार म्हनून. खाटा, पेट्या, खुंट्या असलं कायबाय करायचं. लढाईच्या वक्ताला सरहद्दीकडं धाडलं. परत आलं ती ह्यो फोटो घिऊन. आन म्हनाय लागलं, म्या विमान बनवलं.”

“बाई, विमान अ‍ॅल्युमिनियमचं असतं. सुतार काय करणार त्यात?”

“त्येच समदी म्हनत्यात. ह्यी खाच हाय न्हवं, तुमी आत्ता दावली ती? आप्पा म्हनत्यात, साहेब म्हनला नगं येवढं बारीक, पर म्या पटाशी लावून काढली.”

“पटाशी?” अभिराम मास्तरांकडे वळला. “ऐकलंत? हंटरच्या पंखाला सुताराची पटाशी!”

मास्तर ऐकत होते. ते बाईंकडे बघत होते.

“अजून काय म्हणतात?” त्यांनी विचारलं.

“काय सांगू, मास्तर. लोक इचारायचं, मिस्त्री, तुमचं विमान उडालं का? तर म्हनायचं, त्येचं काम उडायचं न्हवतं. झालं! गावाला तेवढंच पायजे. पारावर, गिरणीत, लग्नाच्या मांडवात, जितं जावं तितं ह्येच. आन एकदा म्हनलं, माझं विमान जळलं त्या दिशी साहेबानं समद्यास्नी जिलबी वाटली.”

“जळल्यावर जिलबी?” अभिराम म्हणाला.

“व्हय. तवापासनं गावात कुनाचं काय जळलं, कडब्याची गंज जळू दे न्हाईतर भाकरी, तर लोक म्हनत्यात, विमान्याला सांगा, जिलबी वाटंल.”

मास्तर हसले नाहीत.

“ते काही बोलत नाहीत यावर?”

“काय बोलनार? कसं बनवलं, कशाचं बनवलं, इचारलं तर गप. सांगायची परवानगी न्हाई म्हनत्यात. मग लोक जास्तच हसत्यात.” तिचा आवाज खाली आला. “म्या बी हसलेय, मास्तर. माझ्या सासरी कुनी ह्यो विषय काढला, तर त्येंच्या आदी मीच हसायची. लाज वाटायची बापाची.”

…

खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवून बघत होतं.

“आता अंथरुणाला खिळल्यात. बोलनं बंदच केलंय. परवा माझ्या नातवानं इचारलं, पणजोबा, तुमी खरंच विमान बनवलं व्हय? तर भिंतीकडं तोंड करून झोपलं.” तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. “म्या ट्रंकेतनं फोटो काढला आन आले. खोटं असंल तर खोटं म्हना. बाप माझाच हाय, त्यो काय बदलत न्हाई. पर त्यो जायाच्या आदी मला कळू दे.”

अभिरामला आता अवघडल्यासारखं झालं. त्यानं आवाज मऊ केला.

“हे बघा, बाई. ते तिथं होते, हे खरंच आहे. फोटो आहे. विमानाशेजारी उभं राहून फोटो काढायची सगळ्यांनाच हौस असते. म्हातारपणी माणूस गोष्टी जोडतो. पण हंटर काय सुतारानं बनवलेलं नाही. तेवढं मी लिहून देतो.”

“दिलंय की लिहून,” मास्तर म्हणाले.

त्यांनी हात पुढं केला. अभिरामनं फोटो दिला.

मास्तरांनी भिंग घेतलं नाही. फोटो टेबलावर उताणा ठेवला आणि त्यावर आपला पंजा ठेवला. पंज्याखाली विमान जवळजवळ सगळं झाकलं गेलं. खालची चाकं राहिली, आणि तो माणूस राहिला.

“वाच,” मास्तर म्हणाले.

“काय वाचू? विमान तर झाकलंत.”

“विमान तू वाचलंस. उरलेलं वाच.”

अभिराम वाकला.

“माणूस. पंचविशी-तिशीचा. हाताची घडी.”

“कानामागे?”

“पेन्सिल.” तो आणखी खाली वाकला. “पेन्सिल आहे.”

“पुढं.”

“चाक. रबरी टायर. गवत.”

“टायर कसा आहे?”

“गोल.”

“खालून?”

…

अभिरामनं भिंग उचललं.

“खालूनही गोल,” तो म्हणाला.

“दबलेला नाही?”

“नाही.”

“गवत?”

“उभं आहे.” त्याचा आवाज बारीक झाला. “चाकाखालचं गवत उभं आहे.”

“हंटरचं वजन किती?”

हे अभिरामला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. पंखांची लांबी, इंजिनाचं नाव, वेग, कुठल्या तुकडीकडे किती होती, सगळं. पण तो भिंगातून त्या गवताच्या काड्यांकडे बघत राहिला. रिकाम्या पोटीसुद्धा सहा-सात टन वजन. त्याच्याखाली काड्या पावसाळ्यानंतर उभ्या असतात तशा उभ्या होत्या.

मास्तरांनी पंजा उचलला. विमान पुन्हा दिसू लागलं. तेच पंख, तेच फुगवटे, तीच खाच.

“काय झालं, मास्तर?” मालनबाईंनी विचारलं. तिला या दोघांचं बोलणं कळलं नव्हतं, पण हसणारा पोरगा गप्प झाला एवढं कळलं होतं.

मास्तर तिच्याकडे वळून बसले.

“बाई, हे विमान लाकडाचं आहे. बांबू, फळ्या, वरून कापड आणि रंग. तुमच्या आप्पांनीच बनवलं.”

तिनं वाकून फोटो पुन्हा बघितला.

“लढाईत असं करतात. शत्रूचं विमान वरून फोटो काढून नेतं. तिकडं माझ्यासारखाच एक माणूस टेबलाशी बसलेला असतो. तो फोटो वाचतो आणि सांगतो, इथं विमानं उभी आहेत, इथं बॉम्ब टाका. मग आपण त्याला बघायला खोटी विमानं उभी करून ठेवतो. खरी दुसरीकडं, झाडाखाली.”

“आन बॉम्ब?”

“खोट्यावर पडतो.”

…

“म्हनून जळलं,” ती म्हणाली.

“म्हणून.”

“म्हनून जिलबी…”

मास्तरांनी तिच्या पेल्यात आणखी पाणी ओतलं. ती प्यायली नाही. पेला दोन्ही हातांत धरून बसली.

“मग त्येनी सांगितलं का न्हाई? लढाई सरली. येवढी वर्सं झाली. एका शब्दानं सांगितलं असतं तर लोकांची तोंडं बंद झाली असती.”

“कुणाला सांगायचं नाही असा हुकूम असणार. आता सांगितलं तरी चालेल, असं सांगायला कुणी गेलं नसेल.”

मालनबाई रडल्या. आता मात्र मोठ्यानं रडल्या. अभिरामला कुठं बघावं कळेना, तेव्हा त्यानं फोटोतल्या माणसाकडे बघितलं. इतका वेळ तो अंगठ्याखाली होता. साधा चेहरा. फोटो काढणारा काहीतरी गमतीचं बोलला असावा, कारण ओठ हसू दाबल्यासारखे होते.

“म्हंजे विमान खोटं हुतं,” ती सावकाश म्हणाली. “आन आप्पा खरं.”

मास्तरांनी मान हलवली.

“हे खाच काढायचं काम,” अभिराम मध्येच म्हणाला. ते कुणाला उद्देशून होतं कोण जाणे. “वरून, तेवढ्या उंचीवरून ती खाच दिसलीच नसती. साहेबाचं बरोबर होतं. काही गरज नव्हती.”

“नव्हती,” मास्तर म्हणाले.

“मग का काढली?”

मास्तर मालनबाईंकडे बघून म्हणाले, “तुमच्या घरी आप्पांच्या हातचं काय आहे?”

“देवघर हाय. कपाट हाय. पाळना हाय, आमी समदी त्यातच वाढलो.”

“कपाटाची मागची बाजू बघितलीय कधी? भिंतीकडची?”

ती विचारात पडली. मग तिला आठवलं.

“रंधा मारलेली हाय,” ती म्हणाली. “गुळगुळीत. आई म्हनायची, कोन बघतंय तितं? येळ घालवता.”

मास्तरांनी अभिरामकडे पाहिलं.

…

मालनबाईंनी खण मांडीवर पसरला, फोटो बांधून न्यायला.

“जरा थांबा,” अभिराम घाईनं म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं फोटो ओढून घेतला, पालथा घातला. पाठीवर त्याचं स्वतःचं अक्षर होतं. हंटर, मार्क छप्पन्न. अ. दाणी. एवढं ठसठशीत, एवढं बिनधास्त. इतक्या वर्षांत मास्तरांना त्याचं एकही उत्तर पुसावं लागलं नव्हतं.

“खोडरबर कुठाय?”

खोडरबर मास्तरांच्या हातात होता. त्यांनी तो टेबलाच्या खणात टाकला आणि खण लावून घेतला.

“मास्तर, हे पुसायला हवं.”

मास्तरांनी खिशाचं पेन काढलं. टोपण काढून मागं लावलं, आणि पेन अभिरामच्या पुढ्यात ठेवलं.

अभिरामला वाटलं, मास्तर थट्टा करतायत. त्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

“पण हे उत्तर चूक आहे,” तो म्हणाला.

“आहे.”

“माझ्या नावानं आहे.”

“तेही आहे.”

…

“मास्तर,” मालनबाईंनी विचारलं, “म्या घरी जाऊन आप्पास्नी काय सांगू? हुकूम मोडला म्हनून चिडत्याल त्ये. म्या समदं इचारून आले म्हनलं तर आवडायचं न्हाई त्येस्नी.”

“काही सांगू नका. एवढंच म्हणा, विमानं ओळखणाऱ्यांकडे गेले होते, त्यांनी भिंग लावून बघितलं. आणि फोटोची मागची बाजू त्यांच्यापुढं धरा.”

तिनं फोटोच्या पाठीकडे पाहिलं. मग अभिरामकडे. तिला वाचता येत होतं. तिनं ते शब्द ओठांतल्या ओठांत वाचले, आणि डोळ्यांत पाणी असतानाच तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसत राहिली.

अभिरामनं पेन उचललं. ज्या पेनसाठी तो इतके रविवार येत होता, ते हातात आल्यावर अपेक्षेपेक्षा जड लागलं. त्यानं निब कागदाजवळ नेलं, आणि तसाच थांबला.

“पेन्सिलीचं राहू दिलं तर?” त्यानं विचारलं.

“शाईनं,” मास्तर म्हणाले. “आणि अक्षर मोठं काढ. मिस्त्रींना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.”